आभासी ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये डिव्हाइस सुरक्षितपणे बंद कसं करायचं

व्हर्च्युअल मशीनला रीबूट दिला. सेवा एकेक करून थांबल्या, फाइल सिस्टिम अनमाउंट झाल्या, आणि आता सगळं आटोपलं असं वाटत असतानाच पडदा जागच्या जागी थिजला. पॅनिक नाही, एरर नाही, होस्टवर (व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतं त्या खऱ्या संगणकावर) क्यूएमूची, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची, प्रोसेस मजेत चालू. सिरियल पोर्ट जोडलेला नसेल तर हाती काहीच लागत नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन दिवस फाइल सिस्टिमलाच दोष देत बसलो होतो. खरा गुन्हेगार होता ग्राफिक्स ड्रायव्हर. त्यातला एक थ्रेड होस्टच्या उत्तराची वाट पाहत उभा होता, आणि ते उत्तर आता येणारच नव्हतं.

डिव्हाइस बंद करण्याचा कोड लिहिताना आपण बहुतेक ‘काय काय मोकळं करायचं’ याची यादी करतो. ती यादी लागतेच, पण घोळ तिथे क्वचित होतो. घोळ होतो तो वाट पाहणाऱ्यांमुळे: कोण कुणासाठी थांबलंय, आणि त्याला ‘आता जा घरी’ हे कोण सांगणार.

व्हर्टआयओ म्हणजे आभासी डिव्हाइसशी बोलण्याचं मानक. उदाहरणासाठी लिनक्सच्या डीआरएम या ग्राफिक्स सांभाळणाऱ्या उपप्रणालीतला व्हर्टआयओ जीपीयू ड्रायव्हर घेतला आहे. तो २०१५ मध्ये कर्नलच्या ४.२ आवृत्तीत आला, कोड आटोपशीर आहे आणि वाचायला बरा आहे. तुमचा ड्रायव्हर दुसऱ्या हायपरव्हायजरसाठी असला तरी नावं सोडता फारसं काही बदलत नाही. फंक्शनची नावं देवनागरीत लिहिताना अधोरेखेच्या जागी मोकळी जागा सोडली आहे. सोर्समध्ये शोधताना तेवढी परत घाला.

पायरी १: कोणतं ‘बंद’, ते आधी ठरवा

‘डिव्हाइस बंद होणं’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळे प्रसंग येतात. तिन्हींना एकच फंक्शन जोडण्याचा मोह होतो, आणि तिथेच पाय घसरतो.

पहिला प्रसंग म्हणजे ड्रायव्हर काढून घेणं. मॉड्यूल उतरवलं, किंवा सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइल सिस्टिममधल्या ‘अनबाइंड’ फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव लिहिलं. डिव्हाइस जिवंत आहे, प्रश्नाला उत्तर देतंय, पण तुमचा कोड मेमरीतून निघून जाणार आहे. इथे ‘रिमूव्ह’ कॉलबॅक येतो आणि सगळं नीट मोकळं करावं लागतं.

दुसरा प्रसंग, डिव्हाइस न सांगता गायब होणं. पीसीआय बसवरून रजिस्टर वाचलं तर सगळे बिट १ येतात. कॉलबॅक तोच, ‘रिमूव्ह’, पण पलीकडे कुणी नाही. व्हर्टआयओचा पीसीआय थर अशा वेळी आधी डिव्हाइस बसवर आहे का ते तपासतो आणि नसेल तर ‘व्हर्टआयओ ब्रेक डिव्हाइस’ बोलावून सगळ्या क्यूंवर ‘तुटलेली’ असा शिक्का मारतो. मग तुमच्या ड्रायव्हरकडे येतो. हा शिक्का पुढे फार उपयोगी पडणार आहे.

तिसरा प्रसंग सिस्टिमच बंद होण्याचा: रीबूट, पॉवर ऑफ किंवा केएक्झेक (चालू कर्नलमधूनच थेट नवा कर्नल सुरू करणं). इथे ‘शटडाउन’ कॉलबॅक येतो. डिव्हाइस जिवंत, ड्रायव्हरही मेमरीत, आणि कर्नल अजून थोडा वेळ चालणार आहे. हा ‘थोडा वेळ’ ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी सगळ्यात नाजूक. त्याबद्दल पायरी ५ मध्ये सविस्तर.

चौथाही एक आहे, पण त्यात तुम्हाला काही करायचं नाही. कर्नल पॅनिक होऊन क्रॅश कर्नलमध्ये उडी मारतो तेव्हा कोणताच कॉलबॅक येत नाही. नवा कर्नल जुन्या डिव्हाइसला सामोरा जातो, आणि म्हणून व्हर्टआयओचा गाभा प्रत्येक डिव्हाइसची नोंदणी करताना आधी रीसेट करतो. तुमची बस असं करत नसेल तर तुमच्या ‘प्रोब’ची, म्हणजे डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनची, पहिली ओळ रीसेटची हवी. बंद करण्याचा कोड कितीही चांगला लिहिला तरी तो चालेलच याची हमी नाही, एवढं धरून चाला.

पायरी २: वाट पाहणाऱ्यांची यादी करा

कागद घ्या. खरंच घ्या, कारण हे डोक्यात मावत नाही.

व्हर्टआयओ जीपीयूला दोन क्यू असतात: कंट्रोल क्यू आणि कर्सर क्यू. एक कमांड पाठवायची तर ड्रायव्हर कंट्रोल क्यूमध्ये बफर ठेवतो आणि डिव्हाइसला टिचकी मारतो. होस्ट कमांड वाचतो, काम करतो, त्याच बफरच्या शेवटी उत्तर लिहितो आणि इंटरप्ट पाठवतो. इंटरप्टचा कॉलबॅक फक्त एक वर्क रांगेला लावतो. तो वर्कर उत्तरं उचलतो, फेन्स (काम झाल्याची खूण) सिग्नल करतो, आणि क्यूमध्ये जागा झाली म्हणून थांबलेल्यांना उठवतो. या साखळीतली कुठलीही कडी निसटली की तिच्या पुढचे सगळे झोपलेलेच राहतात.

आता कोण कुठे थांबतं ते पाहा.

सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे क्यू भरल्यावरची. कमांड टाकायला पुरेशी जागा नसेल तर ड्रायव्हर ‘वेट इव्हेंट’ वापरून झोपतो, आणि याला मुदत नाही. होस्टने उत्तर दिलं तर जागा होईल, नाहीतर थ्रेड अनंतकाळ ‘डी’ अवस्थेत, म्हणजे सिग्नलनेही न मोडणाऱ्या झोपेत. डिव्हाइस आधीच रीसेट झालेलं असेल तर उत्तर कुठून येणार?

याउलट डिस्प्लेची माहिती किंवा होस्टच्या क्षमतांचा संच मागवणाऱ्या जागी थांबण्याला ५ सेकंदांची मुदत आहे. तिथे वाईटात वाईट म्हणजे ५ सेकंद वाया जातील. तुमच्या यादीत प्रत्येक थांब्यापुढे ‘मुदत आहे’ किंवा ‘मुदत नाही’ असं लिहा, आणि मुदत नसलेल्यांभोवती लाल गोल करा.

मग फेन्स. कंपोझिटर (सगळ्या खिडक्या मिळून पडदा रंगवणारा प्रोग्राम), दुसरा ड्रायव्हर, अ‍ॅटॉमिक कमिटचा (डिस्प्लेचे बदल एकत्र लागू करणारा) वर्कर, कुणीही त्यावर थांबलेलं असू शकतं, आणि ते तुमच्या कोडमध्ये दिसतही नाही.

शेवटी पार्श्वभूमीला चालणारी कामं: उत्तर उचलणारे दोन वर्कर, ऑब्जेक्ट मोकळे करणारा वर्कर, होस्टवर खिडकीचा आकार बदलला की धावणारा कॉन्फिग बदलाचा वर्कर. आणि ज्याला सगळे विसरतात तो फ्रेमबफर कन्सोलचा डॅमेज वर्कर, म्हणजे कर्नलने पडद्यावर अक्षर उमटवलं की बदललेला भाग होस्टकडे ढकलणारा. तो तुमच्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये नसतो, डीआरएमच्या सामायिक कोडमध्ये असतो, म्हणूनच नजरेतून सुटतो.

पायरी ३: दरवाजा बसवा, पण उंबरठ्यावर कुणाला झोपू देऊ नका

डीआरएमने यासाठी तयार दरवाजा दिला आहे. हार्डवेअरला हात लावण्याआधी ‘डीआरएम डेव्ह एंटर’, काम झाल्यावर ‘डीआरएम डेव्ह एग्झिट’. डिव्हाइस ‘गेलेलं’ म्हणून नोंदलं असेल तर एंटर नकार देतो. दुसऱ्या बाजूने ‘डीआरएम डेव्ह अनप्लग’ आधी ती नोंद करतो, मग आत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत थांबतो, आणि त्यानंतरच डिव्हाइसची नोंदणी रद्द करून युजरस्पेसचे, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांचे, मेमरी मॅपिंग काढून टाकतो. आतल्यांची मोजदाद एसआरसीयू या कर्नलच्या समन्वय यंत्रणेने होते. साधं आरसीयू चालत नाही, कारण दरवाजाच्या आत झोपायची मुभा हवी असते.

दरवाजा बसवण्याची योग्य जागा एकच: कमांड क्यूमध्ये टाकणारं सगळ्यात खालचं फंक्शन. वर प्रत्येक आयओकंट्रोलमध्ये (युजरस्पेसकडून येणाऱ्या विनंतीत) वेगळा दरवाजा लावत बसलात तर एखादी वाट राहणारच.

एंटरने नकार दिला की नुसतं परत फिरून चालत नाही. बोलावणाऱ्याने तुमच्या हवाली काय काय केलं होतं ते आठवा. बफर मोकळा करायचा, ऑब्जेक्टच्या रिझर्व्हेशनवर (त्याच्यावरचे फेन्स नोंदवणाऱ्या जागेवर) लॉक घेतलेला असेल तर सोडायचा, फेन्स कुणाच्या हाती गेला असेल तर त्याला एरर लावून सिग्नल करायचा. व्हर्टआयओ जीपीयूच्या कोडमध्ये हे नकाराचं वळण चारपाच ओळींचं आहे, पण त्यातली रिझर्व्हेशन सोडणारी ओळ राहिली तर पुढचा प्रत्येक जण त्या लॉकवर अडकेल. चाचणीत हे लगेच दिसत नाही, कारण पहिला नकार मिळेपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

आता खरा सापळा. क्यू भरल्यावरचं ते मुदत नसलेलं थांबणं दरवाजाच्या आत आहे. म्हणजे थ्रेड एंटर करून आत गेला, क्यू भरलेली दिसली, तिथेच झोपला. तेवढ्यात डिव्हाइस मेलं. रिमूव्ह आला, त्याने अनप्लग बोलावलं, अनप्लग आतल्या थ्रेडची वाट पाहत बसलं. आतला थ्रेड डिव्हाइसची वाट पाहतोय. दोघंही एकमेकांत गुंतले. त्यात भर म्हणजे हा एसआरसीयू सगळ्या डीआरएम डिव्हाइससाठी मिळून एकच आहे, त्यामुळे तुमचा अडकलेला थ्रेड शेजारच्या बिनदोष यूएसबी डिस्प्लेचं अनप्लगही अडवून ठेवतो.

उपाय तीन भागांचा आहे आणि तिन्ही भाग लागतात.

पहिला, थांबण्याची अट बदला. ‘जागा झाली’ एवढीच अट नको. ‘जागा झाली, किंवा क्यू तुटली, किंवा ड्रायव्हर थांबतोय’ अशी हवी. क्यू तुटली का ते ‘व्हर्टक्यू इज ब्रोकन’ सांगतं. ‘थांबतोय’साठी आपला स्वतःचा एक झेंडा ठेवा, आणि तो वाचता-लिहिताना ‘रीड वन्स’, ‘राइट वन्स’ विसरू नका.

दुसरा, जाग आल्यावर कारण तपासा. जागा झाली म्हणून उठलो असू तर पुन्हा प्रयत्न. नाहीतर वरचंच नकाराचं वळण, तोच कोड. दोन वेगळी वळणं लिहू नका, एक नक्की सडेल.

तिसरा, क्रम. अनप्लग स्वतः तुमच्या वेटक्यूला (झोपलेल्या थ्रेडच्या रांगेला) उठवत नाही, त्याला ती माहीतच नाही. म्हणून रिमूव्हमध्ये आधी झेंडा उभारा, मग ‘वेक अप ऑल’, आणि त्यानंतर अनप्लग. उलटं केलंत तर अनप्लगच्या पोटात अडकाल आणि उठवणाऱ्या ओळीपर्यंत कधी पोचणारच नाही.

पायरी ४: रिमूव्हमधला क्रम

रिमूव्ह लिहिताना मी मनात एकच नियम धरतो: रीसेट पूर्ण झाल्याखेरीज होस्टला माहीत असलेली मेमरी मोकळी करायची नाही. क्यूमध्ये पडलेला प्रत्येक बफर आणि फ्रेमबफरसाठी जोडलेलं प्रत्येक पान होस्टच्या दृष्टीने अजून त्याचंच आहे. तुम्ही ते पान परत केलंत, कर्नलने ते दुसऱ्या कुणाला दिलं, आणि होस्टने उशिरा आलेलं उत्तर त्यात लिहिलं, तर बिघाड भलत्याच ठिकाणी उगवतो. ग्राफिक्स ड्रायव्हर काढल्यानंतर दहा मिनिटांनी नेटवर्कचा कोड कोसळला तर कुणाला संशय येणार आहे?

हा नियम धरला की क्रम जवळपास आपोआप येतो. झेंडा उभारा, थांबलेल्यांना उठवा, अनप्लग करा. मग ‘डीआरएम अ‍ॅटॉमिक हेल्पर शटडाउन’ बोलावून डिस्प्लेची सगळी अवस्था सॉफ्टवेअरच्या बाजूने बंद करा. दरवाजा आधीच लागलेला असल्याने यातली एकही कमांड होस्टकडे जात नाही. खऱ्या हार्डवेअरवर ही पंचाईत आहे: मॉड्यूल उतरवलं तरी पॅनेल चालूच राहू शकतं, आणि डीआरएमच्या दस्तऐवजातही ही उणीव मान्य केलेली आहे. आभासी डिव्हाइसला फरक पडत नाही, कारण रीसेट झाला की होस्ट स्कॅनआउट (पडद्यावर दाखवायचं चित्र) आणि संसाधनं स्वतःच टाकून देतो.

पुढे रीसेट. व्हर्टआयओमध्ये स्टेटस रजिस्टरमध्ये ० लिहिणं म्हणजे रीसेट, पण लिहून झालं म्हणजे रीसेट झाला असं नाही. आधुनिक पीसीआय डिव्हाइसवर तेच रजिस्टर परत वाचत राहायचं, ० दिसेपर्यंत. लिनक्सचा व्हर्टआयओ थर हे तुमच्यासाठी करतो आणि वर चालू इंटरप्ट हँडलर संपेपर्यंतही थांबतो. स्वतःची बस लिहीत असाल तर दोन्ही गोष्टी तुमच्या अंगावर.

व्हर्टआयओ जीपीयू स्वतः आधी चारही वर्क ‘फ्लश’ करतो, मग रीसेट, मग क्यू मोडतो. माझी पसंती जरा वेगळी आहे. फ्लश आणि रीसेट यांच्यामध्ये एखादा उशिराचा इंटरप्ट आला तर तो नुकतंच फ्लश केलेलं वर्क पुन्हा रांगेला लावू शकतो. म्हणून मी रीसेट झाल्यावर प्रत्येक वर्कला ‘कॅन्सल वर्क सिंक’ देतो. रीसेटनंतर नवा इंटरप्ट येत नाही, त्यामुळे ते वर्क परत उठत नाही. आधीचा फ्लश हवा तर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. मात्र हे वर्क स्वतः डिव्हाइसला टिचकी मारत असतील तर ती टिचकीही दरवाजाच्या आतच हवी, कारण रीसेट झालेल्या डिव्हाइसला डिवचलं की काही डिव्हाइस कायमची रुसतात.

आता क्यूमध्ये अडकलेले बफर ‘व्हर्टक्यू डिटॅच अनयूज्ड बफ’ने एकेक करून परत घ्या, त्यांचे फेन्स एररसह सिग्नल करा, बफर मोकळे करा, क्यू मोडा, आणि सगळ्यात शेवटी ‘डीआरएम डेव्ह पुट’.

हा शेवटचा ‘पुट’ म्हणजे शेवट नव्हे. एखाद्या प्रोग्रामने डिव्हाइसची फाइल उघडी ठेवली असेल तर डीआरएमचं ऑब्जेक्ट ती बंद होईपर्यंत जिवंत राहतं आणि मग ‘रिलीज’ येतो. त्यामुळे वाटणी अशी करा: हार्डवेअरशी निगडित गोष्टी रिमूव्हमध्ये, आणि उघड्या फाइलमधून अजूनही हात लागू शकेल असं सगळं, म्हणजे मोडसेटची रचना, बफरसाठीचा मेमरी कॅश, आयडींचे वाटप करणारे तक्ते, रिलीजमध्ये. रिमूव्हमध्येच सगळं आवरून टाकलं की वापरकर्त्याने आठवड्याभराने खिडकी बंद केल्यावर मेलेल्या मेमरीला हात लागतो.

पायरी ५: सिस्टिम शटडाउन

इथे निवांत थांबू या.

रीबूट सुरू झाला की कर्नल आधी रीबूट नोटिफायरची साखळी चालवतो, मग ‘डिव्हाइस शटडाउन’. त्यात नोंदलेली सगळी डिव्हाइस शेवटून सुरुवातीकडे अशा क्रमाने घेतली जातात, म्हणजे मूल आधी आणि पालक नंतर. व्हर्टआयओ डिव्हाइस हे पीसीआय डिव्हाइसचं मूल, त्यामुळे आधी व्हर्टआयओचा शटडाउन, मग पीसीआयचा. केएक्झेक चालू असेल तर पीसीआयचा थर डिव्हाइसचा बस मास्टर बिटही उतरवतो, म्हणजे त्यानंतर डिव्हाइस मेमरीला हात लावूच शकत नाही.

आणि हे सगळं झाल्यावर कर्नल ‘रीस्टार्टिंग सिस्टिम’ ही ओळ छापतो.

पुन्हा वाचा. आधी सगळी डिव्हाइस बंद, मग पडद्यावर ओळ. ती ओळ फ्रेमबफर कन्सोलवर जाते, कन्सोल डॅमेज वर्करला सांगतो, आणि डॅमेज वर्कर तुमच्या ड्रायव्हरकडे कमांड आणतो. नेटवर्क कार्डाला शटडाउननंतर कुणी विचारत नाही. पडद्याला मात्र शेवटचा निरोप शटडाउननंतरच येतो.

व्हर्टआयओच्या गाभ्यात हाच पेच २०२५ मध्ये समोर आला. केएक्झेक करताना एका व्हर्च्युअल मशीनचं हँग होणं व्हर्टआयओ कन्सोलपर्यंत माग काढत नेलं गेलं: खालचं पीसीआय डिव्हाइस रीसेट झाल्यावरही ड्रायव्हर त्याच्या रजिस्टरांवर लिहीत होता. त्याच सुमारास आणखी एक अडचण लक्षात आली. शटडाउनमध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसच्या मेमरी वापरावर नियंत्रण ठेवणारं हार्डवेअर) रीसेट होतो, आणि तोवर रीसेट न झालेली डिव्हाइस मेमरी चाचपडत राहिली तर त्यांना एरर येतात, त्यात काही अडकून बसतात. म्हणून व्हर्टआयओ बसलाच शटडाउन शिकवला गेला. ड्रायव्हरचा स्वतःचा शटडाउन असेल तर तो बोलवायचा. नसेल तर सगळ्या क्यू ‘तुटलेल्या’ करायच्या, चालू कॉलबॅक संपू द्यायचे, मग डिव्हाइस रीसेट करायचं.

डिस्क, नेटवर्क, कन्सोल यांच्यासाठी हे उत्तम. जीपीयूवर मात्र गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधली सिस्टिम, हँग होऊ लागला. कन्सोल शेवटचं रेखाटन पूर्ण करायला गेला, क्यू तुटलेली, इशारे छापले गेले. ते इशारेही कन्सोलवरच जायचे, हे लक्षात घ्या. उपाय म्हणून व्हर्टआयओ जीपीयूला एक शटडाउन कॉलबॅक दिला गेला आणि तेव्हा तो चक्क रिकामा होता. डीआरएम आपलं सिंक्रोनायझेशन स्वतः पाहतो, इथे काही करू नका आणि बसच्या सरसकट वागणुकीतून बाहेर राहा, एवढी टिप्पणी त्यात होती. रिकामं फंक्शन पाहून कुणी ‘साफसफाई’ म्हणून ते काढून टाकू नये यासाठी तुमच्याही ड्रायव्हरमध्ये अशी टिप्पणी ठसठशीत लिहा.

मग तुम्ही काय करायचं? माझं मत असं.

तुमचं डिव्हाइस साधा आभासी डिस्प्ले असेल, आयओएमएमयूच्या पलीकडे नसेल, आणि प्रोबमध्ये पक्का रीसेट असेल, तर रिकामा शटडाउन ठेवा. लाज वाटून घेऊ नका. पाच मिलिसेकंदांनी मशीनच जाणार असताना नीटनेटकेपणाचा हट्ट धरण्यात फायदा कमी आणि हँग होण्याचा धोका जास्त.

आयओएमएमयू असेल किंवा केएक्झेक हा तुमच्याकडे रोजचा प्रकार असेल, तर डिव्हाइस खरोखर शांत करावं लागेल. तेव्हा आधी ‘डीआरएम अ‍ॅटॉमिक हेल्पर शटडाउन’ बोलवा. दरवाजा अजून उघडा असल्याने बंद करण्याच्या कमांड होस्टपर्यंत जातात. नंतर झेंडा, वेक अप, दरवाजा बंद, आणि शेवटी रीसेट. कन्सोलची उशिरा आलेली कमांड मग नकाराच्या वळणावरून मुकाट्याने परत जाईल. ‘मुकाट्याने’ हा शब्द महत्त्वाचा: या वाटेवर एकही इशारा छापायचा नाही. छापलात तर तो कन्सोलवर जाईल, कन्सोल नवी कमांड आणेल, तिलाही नकार, पुन्हा इशारा. हे चक्र मी एकदा सिरियल पोर्टवर फिरताना पाहिलं आहे, संध्याकाळ गेली त्यात. पायरी ३ मधलं काम झालेलं नसेल तर या मार्गाला जाऊच नका.

काहीही निवडा, शटडाउनमध्ये मेमरी मोकळी करू नका. दुसरे थ्रेड अजून चालू असतात आणि मशीन जाणारच आहे, त्यात मिळवायचं काय? ‘शटडाउनमध्ये रिमूव्हच बोलावू’ ही पळवाट तर पाहताक्षणी नाकारा. रिमूव्ह सिसएफएसच्या नोंदी काढतो, लॉक घेतो, युजरस्पेसच्या घटना पाठवतो. त्यातलं काहीच इथे नको असतं.

पायरी ६: फेन्स आणि युजरस्पेस

फेन्सचा करार कडक आहे: एकदा बाहेर दिलेला फेन्स मर्यादित वेळात सिग्नल झालाच पाहिजे, यश असो वा अपयश. म्हणून रीसेटनंतर शिल्लक राहिलेल्या प्रत्येक फेन्सला आधी ‘डीएमए फेन्स सेट एरर’ आणि मग सिग्नल. आधी सिग्नल करून नंतर एरर लावणं चूक आहे, कारण सिग्नल होताच वाचणारा निघून गेलेला असतो.

युजरस्पेसला काय दिसावं याबद्दल डीआरएमच्या दस्तऐवजात हॉटअनप्लगचा स्वतंत्र भाग आहे. सार असं की आयओकंट्रोलने ‘डिव्हाइस नाही’ हा एरर द्यावा किंवा यश मिळाल्याचं सोंग घ्यावं, पण अडकून बसू नये. मॅप केलेल्या मेमरीला हात लावल्यावर प्रोग्राम सिगबसने (मेमरीपर्यंत पोचता न आल्याच्या सिग्नलने) मरू नये. अनप्लग मॅपिंग काढतो, त्यामुळे पुढचा स्पर्श फॉल्ट होऊन तुमच्याकडे येतो. तिथे एक रिकामं पान जोडून द्या. कंपोझिटर त्यात लिहीत राहील, ते कुणी पाहणार नाही, पण वापरकर्त्याचं सत्र वाचेल. व्हल्कन हे ग्राफिक्सचं मानक वापरणाऱ्या प्रोग्रामला ‘डिव्हाइस लॉस्ट’ मिळणं हे त्या मानकाला धरूनच आहे.

पायरी ७: मोडून पाहा

कर्नल बांधताना केएएसएएन, लॉकडेप आणि केमेमलीक चालू ठेवा. पहिलं मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर पकडतं, दुसरं लॉकचा उलटा क्रम, तिसरं नकाराच्या वळणावर विसरलेले बफर. अडकलेल्या टास्कचा इशारा मुळात १२० सेकंदांनी येतो. तो १० वर आणा, नाहीतर प्रत्येक फेरीला दोन मिनिटं जातील. सिरियल कन्सोल हवाच, कारण ज्या पडद्यावर लॉग पाहायचा तोच बंद पडणार आहे.

सुरुवात अनबाइंडपासून करा. कंपोझिटर चालू, एखादा सतत हलणारा प्रोग्राम चालू, आणि त्यातच ड्रायव्हर काढा, परत जोडा, शेकडो फेऱ्या. आयजीटी या चाचणी संचात हॉटअनप्लगची तयार चाचणी आहे, तीही चालवा. मग पीसीआय डिव्हाइसच्या ‘रिमूव्ह’ फाइलमध्ये १ लिहून तेच. पुढे पडद्यावर मजकूर वाहता ठेवून रीबूट, नंतर केएक्झेक, आणि शेवटी क्यूएमूला आभासी आयओएमएमयू जोडून हे सगळं पुन्हा एकदा.

भरलेल्या क्यूची चाचणी मात्र आपोआप घडत नाही. होस्ट इतका चपळ असतो की क्यू भरतच नाही. डिबग बिल्डमध्ये उत्तर उचलणाऱ्या वर्करला मुद्दाम झोपवा, क्यू तुंबू द्या, आणि त्या अवस्थेत अनबाइंड करा. पायरी ३ चा खरा कस इथेच लागतो.

अडकलंच तर सिसआरक्यूचं (कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळीचं) ‘डब्ल्यू’ बटण सगळ्या अडकलेल्या टास्कचे स्टॅक छापतं. त्यात अनप्लगच्या वर ‘सिंक्रोनाइझ एसआरसीयू’ दिसलं तर कुणीतरी दरवाजाच्या आत झोपलंय. दुसऱ्या स्टॅकमध्ये ते सापडेल, आणि ते दुसऱ्याच डीआरएम ड्रायव्हरचंही असू शकतं. ‘फ्लश वर्क’ दिसलं तर त्या वर्करचा स्टॅक शोधा, तो बहुधा कमांडच्या उत्तरासाठी थांबलेला असेल. रिझर्व्हेशनच्या लॉकवर दोनतीन टास्क रांगेत दिसले आणि लॉक धरणारा कुठेच नसेल, तर नकाराच्या वळणावर जा आणि सोडायची राहिलेली ओळ शोधा.